येशूसंघाचे सेवाकार्य आणि पाणलोट विकास : अहमदनगर जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

इग्नेशियस लोयोला यांनी स्थापिलेल्या येशूसंघास १५४० मध्ये पोपची मान्यता मिळाली. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यात या संघाचे धर्मगुरू एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आले. राहुरी तालुक्यातील केंदळ हे त्यांचे आरंभीचे एक केंद्र होय. चर्च, शाळा, वसतिगृह ही त्यांच्या सेवाकार्याची परिचित रूपे होत. प्रस्तुत लेखात संघाच्या धर्मगुरूंनी पुढे स्वीकारलेल्या पाणलोट विकासाच्या कार्याचा, संघाच्याच ध्येयाच्या निकषावर, विचार केला आहे.

दयेकडून न्यायाकडे

१९७४-७५ मध्ये भरलेल्या संघाच्या ३२ व्या महासभेने श्रद्धेची सेवा आणि न्यायाची प्रस्थापना यांची सांगड घातली. १९७२ च्या दुष्काळाने होरपळलेल्या या जिल्ह्यात त्या भूमिकेस विशेष अर्थ होता. १९४८ मध्ये भारतात आलेले स्विस धर्मगुरू फादर हर्मन बाखर (मृत्यू २०२१) यांनी मदतवाटपापेक्षा दुष्काळाच्या कारणांवर लक्ष केंद्रित केले. त्यांच्या पुढाकारातून १९८९ मध्ये इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम आकारास आला. त्यास जर्मनीचे अर्थसाहाय्य व नाबार्डचे सहकार्य लाभले. १९९३ मध्ये क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट स्थापन केला.

श्रमदान, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी या अटी गावाने आधी स्वीकारावयाच्या, ग्राम पाणलोट समिती नेमावयाची आणि मग माथ्यापासून पायथ्यापर्यंत कामे करावयाची, असा हा क्रम होता. संगमनेर तालुक्यातील दरेवाडी हे त्याचे ठळक उदाहरण. येथे सेवाकार्याची कक्षा धर्मसभेपुरती राहिली नाही. डोंगरउतारावरचे पाणी कोणाचा धर्म पाहत नाही. त्यामुळे लाभार्थी ठरतो तो संपूर्ण गाव.

चिकित्सा

मात्र 'संपूर्ण गाव' ही संज्ञा तपासून घेतली पाहिजे. अडविलेले पाणी अखेर विहिरीत उतरते आणि विहीर जमीनमालकाची असते. भूमिहीनांस मजुरीचे दिवस व पिण्याचे पाणी मिळते, स्थलांतर काही अंशी टळते; हे लाभ क्षुल्लक नव्हेत. परंतु मजुरी काम संपताच थांबते, वाढलेले पाणी मात्र मालकाकडे भांडवल म्हणून राहते. चराईबंदीचा भारही शेळ्यामेंढ्यांवर जगणाऱ्यांवरच अधिक पडतो. जिल्ह्यातील कॅथलिक समाज बहुतांशी पूर्वास्पृश्य जातींतून आलेला असून त्यातील अनेकांची उपजीविका मजुरीवर चालत आली आहे. म्हणजे संघाच्या या कार्याचा स्थायी लाभ त्याच्या स्वतःच्याच अनुयायांतील दुर्बलांपर्यंत सर्वांत कमी पोहोचण्याचा संभव राहतो.

याला पर्याय नव्हता असे नाही. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने कुटुंबातील माणशी पाणी वाटण्याचे व भूमिहीनांसही पाण्याचा हक्क देण्याचे तत्त्व मांडले होते. पाणलोट कार्यक्रमात संयुक्त महिला समित्यांच्या रूपाने स्त्रियांच्या सहभागाचा विचार झाला. तथापि जमिनीची मालकी हाच पाण्याच्या लाभाचा व्यावहारिक निकष राहिला. एकमताने काम उभे करावयाचे तर जमीनधारकांना दुखवून चालत नाही, ही अडचण खरी आहे. पण एकमत आणि न्याय या एकच गोष्टी नव्हेत.

निष्कर्ष

दुष्काळी गावास स्वतःच्या उतारांचे नियोजन करावयास शिकविणे, हे येशूसंघाच्या धर्मगुरूंचे या जिल्ह्यास मोठे योगदान आहे. पाणी अडविण्याचा प्रश्न त्यांनी बराचसा सोडविला. अडविलेले पाणी कोणाचे, हा प्रश्न शिल्लक आहे. महासभेने उच्चारलेल्या 'न्याय' या शब्दाची खरी कसोटी तेथेच लागते.