सभासदत्व कोणासाठी?

रसायनशास्त्राच्या व्यावसायिक संस्थांचा विद्यार्थी-प्राध्यापकांना काय उपयोग, असे विचारले की संशोधनपत्रिका, परिषदा, पारितोषिके, ओळखी ही उत्तरे ठरलेली असतात. ती खोटी नाहीत. पण ज्याला प्रयोगशाळा आणि मार्गदर्शक आधीच लाभले आहेत, त्याच्याच सोयीची ती आहेत, असे आम्हाला वाटते.

याचे मूळ जुने आहे. १९२४ साली कोलकात्यात इंडियन केमिकल सोसायटी स्थापन झाली. आचार्य प्रफुल्लचंद्र राय तिचे पहिले अध्यक्ष. आपल्या रसायनज्ञांना शोधनिबंध छापण्यासाठी परदेशाकडे पाहावे लागू नये, ही त्या काळची निकड होती आणि सोसायटीच्या पत्रिकेने ती भागवली. त्याच वर्षी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या शिक्षण विभागाने खास शिक्षकांसाठी 'जर्नल ऑफ केमिकल एज्युकेशन' सुरू केले. वर्गातले प्रात्यक्षिक कसे सुधारावे, हाही तिथे छापण्याजोगा विषय ठरला. आपल्याकडे भौतिकीच्या शिक्षकांची संघटना झाली १९८४ मध्ये. रसायनाच्या शिक्षकांची त्याहून उशिरा.

परिषदांचे म्हणाल तर, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीत परिषदेत वाचलेल्या निबंधाला बढतीसाठी गुण होते. मग निबंध वाचायचा, प्रमाणपत्र घ्यायचे आणि दुपारच्या जेवणानंतर गाडी पकडायची, हे ओघानेच आले! (सगळेच असे करतात असे नव्हे.)

आता दापोडीकडे पाहा. पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ ची, पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० ची. दोन्ही हाकेच्या नसल्या तरी बसच्या अंतरावर. आणि दारात पवना मुळेला मिळते. अकरावी-बारावीच्या मुलांनी संगमाच्या वर आणि खाली पाण्याचे नमुने घेऊन विंकलर पद्धतीने त्यातला प्राणवायू मोजावा, असा प्रयोग सहज सुचतो. मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड काठावरच बाटलीत घालायचे, वर्गात आम्ल घालून थायोसल्फेटने अनुमापन करायचे. २५ अंश सेल्सिअसला समुद्रसपाटीवर स्वच्छ पाणी लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू धरते. पुण्याच्या उंचीवर थोडा कमी. समजा, मुलांना ३ मिलिग्रॅम मिळाला. नदी खराब, की थायोसल्फेटच्या द्रावणाची तीव्रता चुकलेली? एकट्या शिक्षकाला हे कळायचे कसे?

इथे संस्था हवी. २०११ च्या आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र वर्षात हे घडले होते. युनेस्को आणि रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाने जगभरच्या शाळांना पाण्याचा सामू, क्षारता वगैरे तपासायला लावले. कृती सर्वांना एकच दिली, आकडे एका ठिकाणी गोळा केले. आपला आकडा दुसऱ्याच्या आकड्याशेजारी ठेवता आला की शंका विचारायला जागा मिळते. त्यासाठी संस्थेने जिल्ह्यात प्रमाणित द्रावणाची एक बाटली आणि पत्राला उत्तर देणारा एक जाणकार एवढे दिले तरी दापोडीच्या शिक्षकाची वर्गणी वसूल होईल.