नफ्याचा पत्ता

जुलै २०१६ मध्ये आयर्लंडच्या सांख्यिकी कार्यालयाने जाहीर केले, की २०१५ मध्ये देशाचा जीडीपी २६.३ टक्क्यांनी वाढला. पॉल क्रुगमन यांनी 'लेप्रिकॉन अर्थशास्त्र' अशी त्याची संभावना केली. लेप्रिकॉन म्हणजे आयरिश लोककथांतला, सोन्याचा हंडा दडवणारा बुटका. थट्टा गाजली, पण तिच्यामुळे मूळ प्रश्न झाकला गेला. आकडा आंतरराष्ट्रीय नियमांनुसारच काढलेला होता. दोष नियमांत होता.

बहुराष्ट्रीय कंपन्यांनी बौद्धिक संपदेची मालकी कागदोपत्री आयर्लंडमध्ये आणली होती. तिथे कंपनीकराचा दर १२.५ टक्के होता. मालकी आयरिश कंपनीची, म्हणून परदेशी कारखान्यात बनून तिसऱ्याच देशात विकलेला मालही आयर्लंडची निर्यात ठरला. त्या प्रमाणात रोजगार वाढला नाही. मात्र जीडीपीशी सरकारी कर्जाचे प्रमाण वर्षभरात शंभर टक्क्यांच्या वरून ऐंशीच्या खाली आले. कर्ज फिटले नव्हते, भाजक फुगला होता.

फिलिप लेन यांच्या अध्यक्षतेखालील गटाच्या शिफारशीवरून २०१७ पासून 'सुधारित राष्ट्रीय उत्पन्न' प्रसिद्ध होऊ लागले. २०१६ साठी ते जीडीपीपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाले. ही दुरुस्ती प्रामाणिक आहे, पण एकतर्फी. आयर्लंडने आपली वही नीट केली. ज्या देशांत संशोधन झाले, माल बनला, त्यांच्या जीडीपीत त्यामुळे काहीच परत आले नाही.

टोर्सलोव्ह, वियर आणि झुकमन यांच्या अंदाजानुसार, मुख्यालयाच्या देशाबाहेर कमावलेल्या बहुराष्ट्रीय नफ्यापैकी ३६ टक्के नफा करआश्रयस्थानांत वळवला जातो. काही उत्पन्न दोनदा मोजले जाण्याचा धोका टीकाकारांनी दाखवला आहे, आणि तो आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. पण टक्केवारी कमी धरली तरी निष्कर्ष उरतोच: व्यापारतुटीवरून देश एकमेकांशी भांडतात, तेव्हा तुटीचा काही भाग हिशेबाच्या रीतीतून आलेला असतो.

सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपीय न्यायालयाने ॲपलकडून १३ अब्ज युरो वसूल करण्याचा आदेश कायम केला. पैसे मिळणार होते आयर्लंडला, आणि ते नकोत म्हणून आयर्लंडच न्यायालयात लढला होता. नफा कुठे जन्मला हे ठरवण्याची सर्वमान्य रीत नसेल, तर विकासदराच्या तुलनेवर उभी राहिलेली धोरणेही तितकीच डळमळीत राहणार.