हौशी छायाचित्रण : देवाणघेवाण कोणाची?

१८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे भारतीयही तिचे सभासद होते. १८५६ पासून विल्यम जॉन्सन व हेंडरसन यांनी हौशी छायाचित्रांचा मासिक अल्बम काढला. पुढे जॉन्सन यांच्या मुंबईतील जाती-जमातींवरील द्विखंडात्मक ग्रंथात (१८६३, १८६६) कित्येक मानवी आकृत्या निराळ्या पार्श्वभूमीवर जोडलेल्या दिसतात. छायाचित्रकाराचे नाव राहिले. चित्रातील माणूस मात्र बहुधा जातीच्या नावानेच उरला. आज लालबाग-परळच्या गणपती-आगमनाची ताजी छायाचित्रे हौशी मंडळी परस्परांना दाखवतात, प्रकाश व चौकट यांची चिकित्सा करतात. त्या चिकित्सेत चित्रातील ढोलवादकाच्या नावाला स्थान आहे काय, हा प्रश्न सौंदर्यविचाराबाहेरचा मानता येणार नाही.