जिटर: आकडा बरोबर, पण प्रश्न कोणता?

बोलीभाषेवर पीएच.डी. करायचं ठरवलं की एक सल्ला हमखास मिळतो: "मोबाईलवर रेकॉर्ड करू नको, त्यात जिटर असतो. महागडं साउंड कार्ड घे." पैसे खर्च करण्याआधी हा सल्ला तपासू.

आपल्या रावेरला केळीची रोपं ठरावीक अंतरावर लावतात. डिजिटल आवाजाचंही तसंच. सीडीच्या दर्जाला सेकंदात ४४,१०० नमुने, म्हणजे दर २२.७ मायक्रोसेकंदाला एक. यंत्रातलं घड्याळ क्षणभर पुढे-मागे झालं, की रोप चांगलं पण ओळीबाहेर. हाच जिटर. सूर जितका उंच, तितकी चूक मोठी, कारण लहर वेगाने बदलते. १ नॅनोसेकंदाच्या जिटरचा गोंगाट १ किलोहर्ट्झच्या सुरापेक्षा १०४ डेसिबलने खाली असतो. २० किलोहर्ट्झला हे अंतर ७८ वर येतं.

हे कानाला कळतं का? काओरू आशिहारा आणि सहकाऱ्यांनी २००५ च्या पेपरमध्ये तेच तपासलं. तयार कानाच्या श्रोत्यांनाही संगीतातला यादृच्छिक जिटर काही शे नॅनोसेकंदांच्या खाली ओळखता आला नाही. बाजारातल्या यंत्रांत तो त्याहून बराच कमी असतो.

पेपरची जमेची बाजू म्हणजे श्रोत्यांना त्यांच्या पसंतीच्या परिस्थितीत ऐकायला मिळालं. "आमच्या सिस्टिमवर कळलं असतं" ही पळवाट तिथेच बंद होते.

पण दोन गोष्टी खटकतात. एक, जिटर फक्त यादृच्छिक घेतला. खऱ्या यंत्रात तो ठरावीक लयीतही येतो. ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्याची लय घड्याळात शिरली, तर १० किलोहर्ट्झच्या सुराशेजारी ९,९५० आणि १०,०५० हर्ट्झला नको असलेले सूर उगवतात. हा निष्कर्ष तिथे जसाच्या तसा लावता येत नाही. दोन, ही कानाची मर्यादा आहे, मोजमापाची नाही. "ऐकू आलं नाही" म्हणजे "चूक नाही" असं प्रबंधात लिहू नका.

आता आपला प्रश्न. ध्वनिविज्ञानात 'जिटर' हाच शब्द स्वरतंतूंच्या कंपनातल्या अनियमिततेसाठीही वापरतात. २०० हर्ट्झच्या आवाजात १ टक्का जिटर म्हणजे ५० मायक्रोसेकंद, ५०,००० नॅनोसेकंद! त्यापुढे घड्याळाचा जिटर किरकोळ. दोन्हींची गल्लत झाली, की सल्लाही चुकतो.

खरी काळजी वेगळी आहे. दोन यंत्रांच्या घड्याळांत दहा लाखांत ५० चा फरक असला, तर तासाभरात आवाज आणि व्हिडिओ ०.१८ सेकंदांनी सरकतात. म्हणून सुरुवातीला आणि शेवटी टाळी वाजवा. फाईल एमपी३ नको, वेव्ह ठेवा. पंखा बंद करा, माईक तोंडाजवळ आणा. लेवा गणबोली बोलणाऱ्या ऐंशीच्या आजीबाई तुम्हाला दुसऱ्यांदा भेटतीलच असं नाही.