साथीचा कायदा आणि शारदा सदन : १८९७ मधील एका पत्राचे पुनर्वाचन

साथरोग प्रतिबंधक कायदा मुळात अवघ्या चार कलमांचा. मुंबई इलाख्यातील प्लेगच्या निमित्ताने तो ४ फेब्रुवारी १८९७ रोजी संमत झाला आणि त्यानंतर १२३ वर्षांनी, १३ मार्च २०२० पासून, करोनाच्या साथीत महाराष्ट्र शासनाने त्याचाच आधार घेतला. त्या वर्षी १२ एप्रिल रोजी आलेला ईस्टरचा सण नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर तालुक्यापासून वसईच्या किनाऱ्यापर्यंत सर्वत्र उपासकांवाचून रिकाम्या असलेल्या प्रार्थनामंदिरांत गेला. राज्यातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी पुनश्च उघडली. परंतु याच अवधीत, २०२१ च्या दुसऱ्या लाटेत, नवापूर तालुक्यातील चिंचपाडा येथील ख्रिस्ती रुग्णालयात करोनाचे रुग्ण उपचार घेत होते. एकाच कायद्याच्या छायेत उपासनेचे दार लागले आणि शुश्रूषेचे दार उघडे राहिले. साथीच्या काळात शासनाच्या दृष्टीने चर्च ही वस्तू नेमकी कोणती, गर्दी की आश्रय, हा प्रश्न त्यातून उद्भवतो. आणि चर्चच्या बाजूनेही त्याचा एक प्रतिप्रश्न आहे : नियम मान्य करणे आणि नियमाच्या अंमलबजावणीविषयी मौन पाळणे या दोन गोष्टी एकच आहेत काय?

या प्रतिप्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर २०२० च्या कागदपत्रांत नव्हे, तर कायद्याच्या जन्मवर्षातच सापडते. आणि ते देणारी व्यक्ती एखादी बिशप वा मिशनरी नसून पंडिता रमाबाई आहे. शारदा सदन हे काही चर्च नव्हते, हा आक्षेप येथे घेता येईल. रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे अँग्लिकन पंथात झाला खरा. पण कोणत्याही एका पंथाच्या शिस्तीत त्या फार काळ सुखाने राहिल्या नाहीत. तथापि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उघडलेले व पुढील वर्षी पुण्यास आलेले हे सदन १८९७ पर्यंत निःसंशय ख्रिस्ती संस्था झाले होते. १८९३ च्या धर्मांतरविषयक वादानंतर तर पुण्यात कोणासच तसा संभ्रम उरला नव्हता. शिवाय ज्या ठिकाणी अनेक जणी एकत्र राहतात, शिकतात, जेवतात आणि प्रार्थना करतात, ते ठिकाण साथीच्या नियमांच्या कक्षेत कोणत्याही देवालयाआधी येते.

१८९७ च्या प्रारंभी सदनावर दोन संकटे एकदम आली. मध्य प्रांतातील दुष्काळातून रमाबाई विधवा व अनाथ मुलींना पुण्यास आणीत होत्या. त्या वर्षअखेर अशा मुलींची संख्या सुमारे ३०० वर गेली. याच वेळी पुण्यात प्लेग पसरू लागला आणि शहराच्या अधिकाऱ्यांनी सदनात नव्या मुली ठेवण्यास बंदी केली. रमाबाईंनी या आज्ञेशी वाद घातला नाही. पुण्यापासून दूर, रेल्वेमार्गावरील केडगाव येथे संस्थेची शेतजमीन होती. तेथे तात्पुरता निवारा उभारून त्यांनी दुष्काळग्रस्त मुलींची व्यवस्था लावली. मुक्ती सदनाचा उगम या स्थलांतरात आहे. ख्रिस्ती चरित्रकारांनी या प्रसंगाकडे ईश्वरी योजना म्हणून पाहिले आहे : आज्ञा झाली नसती तर केडगावचे विस्तीर्ण कार्य उभेच राहिले नसते, असा त्यांचा सूर असतो. श्रद्धेच्या दृष्टीने ते योग्य असेल. पण चरित्राच्या दृष्टीने या मांडणीत एक तोटा आहे. रमाबाईंची आज्ञाधारकता तीत इतकी उजळून निघते की त्याच वसंत ऋतूतील त्यांचा निषेध सावलीत जातो.

तो निषेध म्हणजे मे १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती साप्ताहिकास लिहिलेले पत्र. त्याची पार्श्वभूमी सुपरिचित आहे. वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग समितीने १३ मार्च ते १९ मे या काळात गोऱ्या सैनिकांकरवी घरोघर झडत्या घेतल्या. संशयितांना प्लेगच्या इस्पितळात आणि त्यांच्या सहवासातील माणसांना विलगीकरणाच्या छावणीत नेण्यात येई. सदनाच्या आश्रयाखालील एक तरुण मुलगी या यंत्रणेच्या हाती गेली व परत आली नाही; ती तेथील एका पहारेकऱ्याच्या तावडीत सापडली, असा रमाबाईंचा आरोप होता. इस्पितळाची व छावणीची व्यवस्था, आणि स्त्रियांच्या संरक्षणाविषयीची तेथील बेफिकिरी, यांवर त्यांनी उघड टीका केली. मुंबई सरकारला या पत्राची दखल घ्यावी लागली. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी त्यातील विधाने चुकीची व दिशाभूल करणारी ठरविली.

रँडच्या वधाने, चाफेकर बंधूंच्या फाशीने आणि टिळकांच्या राजद्रोहाच्या खटल्याने १८९७ चे मराठी स्मरण इतके भरून गेले आहे की या पत्रास त्यात फारशी जागा उरत नाही. जेथे ती मिळते तेथेही पत्र बहुधा ‘केसरी’तील टीकेचा एक पूरक पुरावा म्हणून उद्धृत होते. हे वाचन अपुरे आहे. वरवर पाहता दोन्ही भूमिकांत साम्य आहे, आणि वैऱ्यांमधील साम्य म्हणून ते लक्षणीयही आहे. टिळकांचा प्लेगप्रतिबंधास तत्त्वतः विरोध नव्हता. हिंदूंसाठी स्वतंत्र प्लेग इस्पितळ काढण्यात त्यांनी पुढाकार घेतला होता. त्यांचा रोख अंमलबजावणीवर होता, तसाच रमाबाईंचाही. १८९३ मध्ये ज्या पत्राने शारदा सदनावर कठोर प्रहार केले, ते पत्र आणि त्या सदनाची चालिका चार वर्षांनी एकाच समितीस दोष देत होती.

परंतु दोहोंतील तक्रारीचा कर्ता एक नाही. शहरातील सर्वसाधारण तक्रारीच्या केंद्रस्थानी घर होते : देवघरात बुटांनिशी शिरलेला सैनिक, विटाळलेले स्वयंपाकघर, माजघरातील स्त्रीवर पडलेली परकी नजर. अपमान झाला तो घराचा, आणि पर्यायाने घरधन्याचा. सदनातील मुलीस असे घर नव्हते. बहुतेकींना ज्या घरांनी टाकले होते त्यांचीच मर्यादा भंगली म्हणून शोक करण्याचे त्यांना कारण नव्हते. रमाबाईंच्या पत्रात म्हणूनच विटाळाचा प्रश्न येत नाही. तेथे प्रश्न आहे तो एकट्या मुलीचा : राज्याने तिला आपल्या ताब्यात घेतले, मग तिचा पालक कोण? झडतीच्या वेळी काय घडले यापेक्षा झडतीनंतर काय घडले यावर रमाबाईंची दृष्टी स्थिरावते. पुण्यातील वादात छावणीच्या आतील जीवनाकडे असे पाहणारी दृष्टी विरळ होती.

पत्र कोठे प्रसिद्ध झाले, हेही या संदर्भात दुर्लक्षणीय नाही. ‘बॉम्बे गार्डियन’ त्या काळात आल्फ्रेड डायर यांच्या संपादकत्वाखाली होता. छावण्यांतील सैनिकांसाठी सरकारी देखरेखीखाली चालणाऱ्या वेश्याव्यवसायाविरुद्ध डायर यांनी दीर्घ काळ मोहीम चालविली होती. सरकारी ‘आरोग्यव्यवस्था’ आणि स्त्रीदेहाची विटंबना यांचे साहचर्य त्या पत्राच्या वाचकास नवे नव्हते. म्हणजे रमाबाईंचा निषेध हा राष्ट्रवादी टीकेचा प्रतिध्वनी नसून ख्रिस्ती नैतिक टीकेच्या एका स्वतंत्र परंपरेतून आलेला आहे. इंग्रजी राज्यातील मिशनरी व सरकार यांचे हितसंबंध एकच होते, या सरसकट गृहीतकास येथे छेद जातो. निदान त्यास एक मोठा अपवाद जोडावा लागतो.

पुराव्याच्या दृष्टीने पत्र दुबळे आहे, हे मान्य केले पाहिजे. एका प्रकरणावरून ते संपूर्ण व्यवस्थेविषयी बोलते, आणि ज्या मुलीचे ते प्रकरण तिचा स्वतःचा शब्द त्यात नाही. सँडहर्स्ट यांच्या उत्तरास त्यामुळे वाव मिळाला. पण याच मोसमात गोपाळ कृष्ण गोखले यांच्यावर जे गुदरले त्याच्याशी तुलना केली असता रमाबाईंच्या भूमिकेचे वेगळेपण ध्यानात येते. इंग्लंडमध्ये असताना गोखल्यांनी पुण्याहून आलेल्या खाजगी पत्रांच्या भरवशावर सैनिकांकडून स्त्रियांवर झालेल्या अत्याचारांचा आरोप ‘मँचेस्टर गार्डियन’मधून केला, परत आल्यावर माहिती देणाऱ्यांपैकी कोणी पुढे येईना, आणि ऑगस्ट १८९७ मध्ये त्यांना बिनशर्त क्षमा मागावी लागली. गोखल्यांचे विधान ऐकीव होते. रमाबाई मात्र आपल्या छपराखालील, आपल्या जबाबदारीवरील मुलीविषयी बोलत होत्या. त्यांच्या नावावर असे माफीपत्र नाही. साक्षीदाराचे बळ आणि पुराव्याचे बळ या दोन भिन्न गोष्टी आहेत. पत्र पहिल्यात समर्थ आहे, दुसऱ्यात नाही.

तरीही हा मजकूर वृत्तपत्रातच का यावा, न्यायालयात का येऊ नये, असा प्रश्न राहतो. त्याचे उत्तर कायद्याच्या चौथ्या कलमात आहे. या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या वा करावयाच्या कोणत्याही कृत्याबद्दल कोणाही व्यक्तीविरुद्ध दावा वा अन्य कायदेशीर कारवाई चालणार नाही, असे ते कलम सांगते. तिसरे कलम नियम मोडणाऱ्या प्रजाजनास शिक्षा देते. चौथे कलम नियम राबविणाऱ्यास संरक्षण देते. पहारेकऱ्याच्या दुष्कृत्यास सद्भावनेचे पांघरूण घालता आले नसते, हे खरे. पण ते दुष्कृत्य सिद्ध करण्यास जी साक्ष हवी तीच छावणीच्या कुंपणाआड होती. आश्रमाच्या चालिकेपुढे वृत्तपत्राचा रकाना एवढेच न्यायासन उरले होते.

इतर ख्रिस्ती प्रतिसाद याहून शांत होते, आणि संख्येने बहुधा तेच अधिक. मुंबईत रोगाची पहिली निश्चिती सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस या गोवेकर कॅथलिक वैद्याने केली. वांद्र्याच्या पाखाड्यांतून प्लेगच्या काळात उघड्यावर क्रूस उभारले गेले. वस्तीने आपल्याच गल्लीच्या तोंडाशी प्रार्थना करावी, हा त्या काळाचा वारसा आजही दगडात दिसतो. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त प्लेग येतो तो शुश्रूषेच्या अंगाने, सरकारशी भांडण हा त्या पुस्तकाचा विषयच नव्हे. ख्रिस्ती समाजापुरतेच बोलायचे नसेल तर हडपसरच्या माळावर रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी मृत्यू पावलेल्या सावित्रीबाई फुले यांचेही स्मरण येथे अपरिहार्य आहे. ही सर्व उदाहरणे रमाबाईंच्या प्रतिसादाच्या एका अर्धाशी, सेवेशी, जुळतात. दुसऱ्या अर्धाशी जुळणारे उदाहरण मात्र सहजी हाती लागत नाही.

२०२० च्या प्रतिसादाकडे या मापाने पाहिले तर काय दिसते? अमेरिकेत काही चर्चनी उपासनेवरील बंदी उघडपणे झुगारली, आणि ब्रुकलिनच्या कॅथलिक धर्मप्रांताने नेलेला उपस्थितीच्या मर्यादेचा वाद २५ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयापर्यंत पोहोचला. अधिकाऱ्यांच्या अधीन राहण्याविषयीचा रोमकरांस पत्रातील उपदेश आणि मनुष्यापेक्षा देवाची आज्ञा श्रेष्ठ मानणारा प्रेषितांच्या कृत्यांतील बाणा, यांचे जुने द्वंद्व तेथे पुन्हा रंगले. महाराष्ट्रातील चर्चचा सर्वसाधारण कल अनुसरणाचा राहिला. मिस्सा दूरदृश्य माध्यमांतून झाली, वांद्र्याच्या माउंट मेरीची सप्टेंबरमधील जत्रा त्या वर्षी नेहमीसारखी भरली नाही, आणि नाताळात चर्चमध्ये ५० हून अधिक माणसे नसावीत हा नियम पाळावयाचा होता. यात दोष काढण्यासारखे काही नाही. रमाबाईंनीही नियम पाळलाच होता.

खरी कसोटी मृतांच्या संदर्भात आली. ३० मार्च २०२० रोजी मुंबई महानगरपालिकेने करोनाने मृत झालेल्या सर्वांचे, धर्म कोणताही असो, दहन करण्याचे परिपत्रक काढले व काही तासांतच ते मागे घेतले. दफनाचा हक्क मग प्रदीप गांधी यांच्या याचिकेच्या निमित्ताने उच्च न्यायालयापुढे आला आणि २२ मे २०२० च्या निकालाने तो मान्य झाला. वाद वांद्र्याच्या कब्रस्तानाचा असला तरी त्यातील तत्त्व ख्रिस्ती दफनभूमीसही लागू पडणारे होते. १८९७ मध्ये जे न्यायासन छावणीच्या कुंपणाने अडविले होते, ते १२३ वर्षांनी उघडे होते. मात्र या वेळी न्यायालयात जो प्रश्न गेला तो मृतदेहाच्या प्रतिष्ठेचा. विलगीकरण केंद्रात नेलेल्या जिवंत, एकाकी स्त्रीचा पालक कोण, हा रमाबाईंचा प्रश्न मराठी ख्रिस्ती संस्थांच्या करोनाविषयक लिखाणात शोधण्याचे काम अद्याप व्हावयाचे आहे. ‘ज्ञानोदया’चे १८९७ चे अंक व धर्मप्रांतांची २०२०-२१ ची परिपत्रके एकमेकांशेजारी ठेवूनच ते करावे लागेल, आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्यात, जेथे मंडळ्या लहान, पाड्यापाड्यांवर विखुरलेल्या आणि बहुतांशी आदिवासी भाषांतून प्रार्थना करणाऱ्या आहेत, तेथे छापील परिपत्रकापेक्षा मौखिक साक्षीवरच अधिक विसंबावे लागेल.

सरकारचा रमाबाईंवरील रोष कायम राहिला नाही. १९१९ मध्ये त्यांना कैसर-इ-हिंद पदक मिळाले. शारदा सदनही पुढे पुणे सोडून केडगावला गेले, आणि शहराच्या एका आज्ञेमुळे ज्या शेतावर मुलींना तात्पुरते नेले होते तेथेच ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले.