पाच ओळींचा नियम

जळगाव-धुळ्याकडच्या शिक्षकांना कपाशीच्या बियाण्याची थैली चांगली ओळखीची असेल. बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या थैलीबरोबर अनेक वर्षे १२० ग्रॅमचे एक छोटे पाकीट मिळत असे. त्यात बीटी नसलेले साधे बियाणे असे, शेताच्या कडेने लावण्यासाठी. बहुतेक ठिकाणी ते लावलेच गेले नाही. असे का झाले, हे समजून घेतले तर ‘उद्योगांनी आणि शास्त्रज्ञांनी आपले नियमन आपणच करावे’ या मताची चांगली परीक्षा होते.

आधी विज्ञान पाहू. बीटी कपाशी बोंडअळीला मारणारे प्रथिन स्वतःच तयार करते. लाखांत एखादी अळी त्यातूनही वाचते. अशा दोन वाचलेल्यांचा संयोग झाला, तर त्यांची सगळी प्रजा प्रतिकारक्षम निघते. पण कडेच्या साध्या कपाशीवर भरपूर सामान्य पतंग वाढलेले असतील, तर वाचलेल्याची गाठ बहुधा त्यांच्याशीच पडते. मग संततीत प्रतिकाराचे जनुक एकाच बाजूने येते आणि ती सहसा मरते. म्हणून २६ मार्च २००२ रोजी जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने बीटी कपाशीला परवानगी देताना अट घातली : कडेने साध्या कपाशीच्या पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्र, यांपैकी जे जास्त असेल ते.

अट सरकारची होती. पण ती पाळायची शेतकऱ्याने, आणि अळीत प्रतिकार वाढतो का हे दरवर्षी तपासायचे बियाणे विकणाऱ्या कंपनीने. पाच एकरांच्या धन्याने एक एकर अळीला सोडायचे. त्याचा फायदा साऱ्या शिवाराला, तोटा मात्र त्याच्या एकट्याचा. कंपनीची कमाई मोठ्या थैलीवर. छोटे पाकीट पेरले काय, बांधावर पडले काय, तिला फरक पडत नव्हता. अशा वेळी दोष कोणा एकाच्या स्वभावाला देऊन भागत नाही.

मार्च २०१० मध्ये मोन्सँटोने स्वतःच जाहीर केले, की गुजरातच्या चार जिल्ह्यांत शेंदरी बोंडअळी पहिल्या बीटी वाणाला दाद देत नाही. या प्रामाणिकपणाचे श्रेय द्यायलाच हवे. पण पुढे केलेला उपाय होता त्याच कंपनीचे दोन जनुकांचे तंत्रज्ञान. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात तेही हरले. खानदेशात बोंडे फोडली की आत अळी होती.

स्वनियमनाचे समर्थक १९७५ च्या असिलोमार परिषदेचा दाखला देतात. तेथे सुमारे १४० जणांनी, मुख्यतः शास्त्रज्ञांनीच, जनुक जोडण्याच्या प्रयोगांवर बंधने सुचवली होती. पण ते प्रयोग त्यांच्याच प्रयोगशाळेत होत होते. थांबवणे त्यांच्या हातात होते. शिवाय १९७६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने आपले अनुदान घेणाऱ्यांना नियम बंधनकारक केले. अॅरिझोनातही साध्या कपाशीची अट सरकारी होती आणि विद्यापीठाचे कीटकशास्त्रज्ञ अळीवर लक्ष ठेवून होते. तेथे ती पुष्कळशी पाळली गेली. पुढे वंध्य पतंग सोडण्याची जोड मिळाली आणि २०१८ मध्ये अमेरिकेने कपाशी पट्ट्यातून ही अळी हद्दपार झाल्याचे जाहीर केले. म्हणजे विज्ञान बरोबर होते. आपली व्यवस्था चुकली.

हा इतिहास जुना झालेला नाही. ३० मार्च २०२२ च्या आदेशाने, बाहेरचे जनुक नसलेल्या जनुक-संपादित वनस्पतींना १९८९ च्या जैवसुरक्षा नियमांतील महत्त्वाच्या कलमांतून सूट मिळाली. त्यांची तपासणी आता मुख्यतः संशोधन संस्थेच्या स्वतःच्या जैवसुरक्षा समितीकडे आहे. आम्हा संशोधकांवर हा मोठा विश्वास आहे. तो अनाठायी आहे असे मी म्हणत नाही. पण आपल्याच पेपराला आपणच गुण देणे कोणत्या शाळेत चालते?

तपासणीचा खर्च विकणाऱ्याने द्यावा, तपासणी मात्र दुसऱ्याने करावी. निष्कर्ष मराठीत, तालुक्याच्या गावी जाहीर व्हावेत. आणि सर्वांच्या हितासाठी जो शेतकरी नुकसान सोसतो, त्याला ते भरून मिळावे. एवढे झाले, तर पुढचे छोटे पाकीट बांधावर पडणार नाही.