बारा मोटांची विहीर : वास्तुसमीक्षेतील एक दुर्लक्षित बाजू

प्रस्तावना :
सातारा जिल्ह्यातील लिंब गावानजीकची बारा मोटांची विहीर ही मराठेकालीन जलवास्तूंमध्ये विशेष प्रसिद्ध आहे. शिलालेखानुसार शके १६४१ ते १६४६, म्हणजेच इ.स. १७१९ ते १७२४ या काळात शाहू महाराजांच्या परिवारातील विरूबाई भोसले यांनी ती बांधविली. अष्टकोनी मुख्य विहीर, तिला जोडलेली उपविहीर आणि या दोहोंमधील दगडी महाल अशी तिची रचना आहे. तिच्याविषयीच्या लेखनात शिवलिंगासारखा भासणारा आकार, कोरीव खांब व शरभशिल्पे यांचे वर्णन विस्ताराने येते; मोट मात्र नावापुरतीच उरते. प्रस्तुत लेखात या एकांगी वाचनाची चिकित्सा केली आहे.

विवेचन :
पाण्यावर देखणी वास्तू उभारण्याची प्रथा अन्यत्रही आढळते. स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे १७८९ मध्ये सेंट बर्नार्डच्या झऱ्यावर चित्रकार अलेक्झांडर नॅस्मिथ यांच्या आराखड्यानुसार रोमन मंदिराच्या धर्तीवर वर्तुळाकार स्तंभमंडप उभारला गेला. तेथे औषधी मानलेले पाणी पिण्यासाठी लोक येत. लिंबची विहीर आमराईच्या सिंचनासाठी होती. त्यामुळे येथे सौंदर्य आणि शेतीचे श्रम एकाच बांधकामात सामावले आहेत.

एका मोटेस एक बैलजोडी धरली तरी बारा मोटांसाठी चोवीस बैल लागतात. धावेवरून उतरणारे बैल, ताणलेला नाडा, सोंदूर आणि थारोळ्यात कोसळणारे पाणी हे सर्व डोळ्यांसमोर आणल्याखेरीज विहिरीच्या काठाची मांडणी उलगडत नाही. वरच्या काठावर श्रम आणि आत महालाचा गारवा, हा या वास्तूचा खरा आशय होय. महाल तेवढा पाहणारी समीक्षा वास्तूचा अर्धाच भाग वाचते. शिलालेखाने बांधविणारीचे नाव जपले. लोकांनी मात्र विहिरीला मोटांच्या संख्येवरून ओळखले. लोकस्मृतीचा हा निवाडा समीक्षेने गांभीर्याने घ्यावयास हवा.

निष्कर्ष :
हा प्रश्न केवळ लिंबपुरता मर्यादित नाही. वारशाची कसोटी शिल्प हीच मानली, तर खानदेशातील साध्या, बिनकोरीव मोटेच्या विहिरी वारसा ठरणारच नाहीत. विजेचे पंप आल्यावर मोट थांबली. धावा सपाट झाल्या, थारोळी बुजली. मोट हाकलेली पिढीही आता वृद्ध झाली आहे. म्हणून भुसावळ, दीपनगर परिसरातील महाविद्यालयांनी गावोगावच्या विहिरींची मोजमापे, धावेची दिशा, मोटांची संख्या आणि वृद्ध शेतकऱ्यांच्या आठवणी नोंदविण्याचे काम हाती घेणे अगत्याचे आहे. दगड आणखी काही काळ टिकेल. त्याचा उपयोग सांगणारी माणसे तितका काळ थांबणार नाहीत.